गोल ब्लेड धुण्यासाठी काय वापरावे: सोडा, एमटीओ, तयार स्प्रे आणि कॉस्टिक यांची पारख

धार लावायला पाठवलेली टीसीटी ब्लेड, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची टिप असलेली गोल पाती, अनेकदा बोथट नसतात, नुसती मळलेली असतात. कार्बाइड लाकडात सहजी झिजत नाही. त्याच्या कितीतरी आधी टिपेच्या बगलांवर आणि दातापुढच्या खाचेत राळ, चीक, गोंद आणि बारीक भुसा एकत्र शिजून तपकिरी-काळा थर बसतो. मग लाकूड करपायला लागते, मोटरचा आवाज जड होतो, जळका वास येतो आणि कारागीर म्हणतो, "धार गेली." धार लावणारा दातामागे पैसे घेतो आणि दर वेळी टिपेचा थोडा भाग घासून टाकतो. टिप काही परत वाढत नाही. म्हणून 96 दातांचे ब्लेड विनाकारण घासायला देणे म्हणजे पैसे आणि ब्लेडचे आयुष्य दोन्ही घालवणे.

थर एवढा त्रास का देतो, ते मापांवरून कळते. पॅनल सॉवर (मोठे तक्ते कापायच्या यंत्रावर) चालणाऱ्या 300 मिमीच्या नेहमीच्या ब्लेडची टिप 3.2 मिमी रुंद आणि पत्रा 2.2 मिमी जाड असतो. म्हणजे टिप पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी अर्धाच मिलिमीटर बाहेर असते. ब्लेड फळीत मोकळे फिरते ते या अर्ध्या मिलिमीटरच्या जोरावर. तिथे राळ भरली की पत्रा लाकडाला घासतो आणि कडेने तापतो. तापलेली कड प्रसरण पावते, मधला भाग त्या मानाने थंड राहतो, त्यामुळे पाते लहरते. मग काप वाकडा येतो. हाताने ढकलायचे यंत्र असेल तर माणूस जास्त जोर लावतो, आणि लाकूड उलटे फेकले जाण्याचा धोका तिथेच वाढतो.

ब्लेड कशाने धुवावे, याला एकच उत्तर नाही. ते काय कापून मळले आहे, त्यावर ते ठरते. बाजारात आणि कारखान्यांत जे चार पदार्थ वापरले जातात, त्यांची पारख त्याच हिशेबाने केली आहे.

पॅकिंगच्या पेट्यांतून येणाऱ्या पाइनची राळ आम्लधर्मी असते. अल्कलीशी गाठ पडली की तिचा साबण होतो, आणि साबण पाण्यात जातो. सागाचे तसे नाही. बल्लारशाह-आलापल्लीचा असो की बाहेरून आलेला, सागात तेलकट आणि रबरासारखा चिवट अंश असतो. फणस कापताना घरोघरी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावतात, कारण चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. सागाच्या थराचा स्वभाव तसाच आहे. तिसरा थर प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली फळी) आणि सनमायक्याचा. त्यातला गोंद युरिया, फिनॉल किंवा मेलामाइन फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि एकदा पक्का झाला की तो कशातच विरघळत नाही. तो फक्त भिजवून सैल करायचा आणि घासून काढायचा.

धुण्याचा सोडा

याला पहिला क्रमांक. किराणा दुकानात मिळतो, स्वस्त आहे, पेट घेत नाही, वास नाही. प्रमाण 1 लिटर गरम पाण्याला 50 ग्रॅम पांढरी पूड. पाणी 50 ते 60 अंश असावे, म्हणजे हात बुडवून ठेवता येणार नाही इतके. भांडी घासायच्या द्रव साबणाचे चारपाच थेंब टाकले तर पाणी बारीक फटीत लवकर शिरते.

इथे एक चूक फार होते. सोडा खड्यांच्या रूपात मिळाला तर त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच असते. 50 ग्रॅम पुडीचे काम करायला असे खडे सुमारे 135 ग्रॅम लागतात. पुडीच्या मापाने खडे टाकून "सोड्याने काही निघत नाही" असे म्हणणारे याच कारणाने फसलेले असतात. दुसरी चूक खाण्याचा सोडा वापरण्याची. तो अल्कली म्हणून फारच सौम्य आहे, राळेवर जवळजवळ कुचकामी. घरात तोच असेल तर ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर पसरून तापवावा, त्याचाच धुण्याचा सोडा तयार होतो. 100 ग्रॅमचे सुमारे 63 ग्रॅम उरतात.

पाइनवर सोडा उत्तम. प्लाय-एमडीएफच्या थरावर चांगला, फक्त घासण्याचे काम थोडे जास्त. सागावर मध्यम: वरचा काळा भाग निघतो, खाली पिवळसर चिकट पापुद्रा राहतो. तो पुढे सांगितलेल्या एमटीओने पुसावा लागतो. सोड्याचे पाणी ॲल्युमिनियमला खाते, म्हणून ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. राउटर बिटचे (लाकडाला नक्षी-खाचा पाडणाऱ्या फिरत्या हत्याराचे) बेअरिंग या पाण्यात बुडवू नये, आतले ग्रीस धुऊन जाते. बेअरिंग आधी काढून ठेवावे.

एमटीओ आणि रॉकेल

एमटीओ म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन. पूर्वी सगळीकडे रॉकेल वापरत, पण ते मिळणे अवघड झाले आहे. एमटीओ त्याची जागा नीट भरून काढते, आणि मागे तेलकट डागही कमी ठेवते. साग, फणस, हिरवट आंबा अशा तेलकट किंवा चिकाच्या लाकडाच्या थरासाठी हाच योग्य पदार्थ. फडक्यावर घेऊन लावावे, 10 मिनिटे ठेवावे, ब्रशने घासावे, पुन्हा पुसावे. 250 मिमीच्या ब्लेडला 30 ते 40 मिलिलिटर पुरते. बुडवून ठेवायची गरज नाही. एमडीएफच्या थरावर याचा उपयोग जवळजवळ नाही.

धोका आगीचा आहे. एमटीओ गरम करायचे नाही, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडे ठेवायचे नाही. भिजलेले फडके भुशाच्या ढिगावर तर कधीच टाकायचे नाही. शेजारी कोणी ग्राइंडर चालवत असेल तर एक ठिणगी पुरते. वापरलेले एमटीओ गटारात ओतू नये. बाटलीत ठेवले की दोन दिवसांत गाळ तळाशी बसतो, वरचे स्वच्छ एमटीओ पुन्हा चालते.

पॉलिशवाल्यांकडचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर राळ लवकर काढतो हे खरे. पण तो ब्लेडवरचा छापही काढतो, आणि त्या छापातच व्यास, दातांची संख्या आणि जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेले असते. पत्र्यावर रंगीत लेप असेल तर तोही उडतो. शिवाय बंद खोलीत त्याची वाफ डोक्यात जाते. यादीतून वगळावा.

तयार स्प्रे

इटलीच्या सीएमटी कंपनीचे 2050 नावाचे द्रावण या वर्गातले सर्वांत परिचित. पाण्यावर आधारित आहे, पेट घेणारे नाही, फवारून काही मिनिटे थांबायचे आणि घासून पुसायचे. मिश्र थरावर, म्हणजे सकाळी साग आणि दुपारी प्लाय कापणाऱ्या ब्लेडवर, ते सोड्यापेक्षा सरस ठरते, कारण भिजवत बसावे लागत नाही आणि एकाच हाताने दोन्ही थर सुटतात. लेप दिलेल्या महागड्या ब्लेडला ते सुरक्षित आहे. राउटर बिट, फोर्स्टनर बिट (सपाट तळाचे गोल भोक पाडणारे) अशा लहान आणि अडचणीच्या हत्यारांना तर स्प्रेच सोयीचा, कारण नेमका तेवढ्याच जागी मारता येतो.

अडचण किमतीची आणि मिळण्याची. हार्डवेअरच्या साध्या दुकानात ते नसते, मागवावे लागते, आणि सोड्याच्या शेजारी ठेवले तर किंमत कित्येक पट आहे. महिन्याला दोन-चार ब्लेड धुणाऱ्याला एक बाटली वर्षभर जाईल, त्याने जरूर घ्यावे. रोज पॅनल सॉ चालवणाऱ्या कारखान्याला मात्र सोड्याची परात ठेवणेच परवडते. तिथे स्प्रे फक्त बिटांसाठी ठेवावा.

डब्ल्यूडी-40 लाही बरेच जण ब्लेड क्लीनर समजतात. ते राळ थोडी सैल करते, पण त्याचे खरे काम धुतल्यानंतर पाणी हटवून गंज रोखण्याचे आहे. त्यासाठीच वापरावे आणि नंतर पूर्ण पुसावे.

कॉस्टिक आणि ओव्हन क्लीनर

कॉस्टिक सोडा राळ सर्वांत झटपट खातो. म्हणूनच त्याचा मोह होतो. तरीही तो वापरू नये. थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. ॲल्युमिनियमचे भांडे किंवा भाग मध्ये आला तर हायड्रोजन वायू सुटतो. पत्र्यावरचा रंग आणि लेप जातो. मोरीचे पाइप साफ करायची पूड आणि फेसाळ ओव्हन क्लीनर यांतही बहुतेक वेळा हेच असते, डब्यावरचे घटक वाचावेत. जे काम सोडा 20 मिनिटांत सुरक्षितपणे करतो, त्यासाठी 5 मिनिटांचा फायदा घेऊन एवढी जोखीम पत्करण्यात अर्थ नाही.

याहून वाईट एकच प्रकार आहे: गंज काढायला बाथरूमचे ॲसिड लावणे. कार्बाइडची टिप म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्ट धातूने बांधलेले असतात. ॲसिड कोबाल्ट खाते. कण मोकळे होतात, धारेची कड ठिसूळ होते आणि पुढच्या कापात बारीक टवके उडतात. लिंबू आणि व्हिनेगर सौम्य असले तरी त्यांची जात तीच, तेही नकोत. ओल्या बाभळीत किंवा खैरात चाललेले ब्लेड तसेच ठेवले तर हेच हळूहळू घडते, कारण त्या लाकडांतले टॅनिन आम्लधर्मी आहे. पत्र्यावर पडणारे निळे-काळे डाग ही त्याची पहिली खूण. असे ब्लेड त्याच संध्याकाळी धुवावे.

धुण्याची रीत

प्लग काढा. स्विच बंद करणे पुरेसे नाही. नट कोणत्या बाजूला सुटतो याचा गोंधळ असेल तर एक नियम लक्षात ठेवा: ब्लेड ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला नट सुटतो. हातात जाड हातमोजे घाला, पान्याला झटका बसून बोटे दातांवर आपटणे ही इथली नेहमीची दुखापत आहे.

250 मिमीच्या, म्हणजे 10 इंची ब्लेडला 14 इंची स्टीलची परात अगदी बेताची. 2 लिटर पाण्यात सुमारे 2 सेंटिमीटर खोली मिळते, सोडा 100 ग्रॅम. परातीच्या तळाशी लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवर ब्लेड ठेवा, म्हणजे दात स्टीलवर आपटत नाहीत. कार्बाइड कठीण आहे तितकेच ठिसूळ आहे. मोरीच्या फरशीवर ब्लेड उभे टेकवले तरी एखादी टिप उडते, आणि ती उडालेली नजरेला लगेच दिसतही नाही.

15 ते 20 मिनिटांनी पाणी चहासारखे होते. ब्लेड उलटून आणखी 10 मिनिटे ठेवा. रात्रभर भिजवू नका, त्याने सफाई वाढत नाही, फक्त पत्र्याला गंजाची संधी मिळते. मग पितळी तारेचा ब्रश घ्या. नायलॉनचा जुना टूथब्रशही चालतो, वेळ जास्त लागतो. स्क्रू ड्रायव्हर, पटाशी किंवा तासणीने खरवडणे नको: हत्यार सटकून धारेवर गेले की टवका उडतो. ब्रशची चाल दाताच्या पाठीकडून खाचेकडे, धारेवर उलटी नाही. प्रत्येक दाताच्या चार जागा घासायच्या: समोरचा चेहरा, दोन बगला आणि खाच. घाईत बगला राहून जातात, आणि करपण्याचे मूळ नेमके तिथेच असते. 60 दातांच्या ब्लेडला 10 मिनिटे मोकळेपणाने द्या.

पत्र्याच्या कडेपासून आत चिरलेल्या फटी दिसतात, त्या प्रसरणासाठी मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यांतला भुसा जाड कागदाने काढा. फट बुजली की तापलेल्या कडेला पसरायला जागा उरत नाही.

राळ जाळून काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ब्लो लॅम्प किंवा गॅसच्या ज्योतीवर. ही सर्वांत महाग पडणारी चूक. पत्र्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतो, कारखान्यात ठोकून दिलेला ताण जातो, आणि टिप जिथे चांदीच्या मिश्रधातूने जोडलेली असते तो जोड कमजोर होतो. मिनिटाला 4,500 फेरे घेणाऱ्या 10 इंची ब्लेडचा दात सेकंदाला सुमारे 60 मीटर वेगाने धावतो. त्या वेगाने निसटलेली टिप कुठे जाईल ते सांगता येत नाही.

शेवटी साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. 15 मिनिटे उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली, आणि मधल्या भोकाची कड विसरू नका, गंज तिथून सुरू होतो.

ब्लेड स्वच्छ झाले, पण ज्या दोन फ्लँजमध्ये ते आवळले जाते त्या तशाच राहिल्या, असे फार वेळा होते. 60 मिमी व्यासाच्या फ्लँजच्या एका कडेला 0.05 मिमी जाडीचा भुशाचा कण अडकला, तर 254 मिमीच्या ब्लेडच्या कडेला तो 0.2 मिमीची डगमग होऊन दिसतो. सनमायक्याच्या कडा तुटायला तेवढी पुरते. फ्लँज एमटीओच्या फडक्याने पुसाव्यात, बोट फिरवून पाहावे, आणि डायल गेज (बारीक डगमग मोजायचे काट्याचे उपकरण) असेल तर डगमग 0.1 मिमीच्या आत आहे ना, ते मोजावे.

धुतल्यावर काय पाहावे

धार खरेच गेली आहे का, हे आता कळते. घड्याळजीच्या भिंगाने, दिव्याच्या उजेडात टिपेची कड पाहा. धारदार कडेवर प्रकाश थांबत नाही. बोथट कड पांढऱ्या बारीक रेघेसारखी चमकते. दहा-बारा दातांवर ती रेघ दिसली तर ब्लेड धारेला द्यावे. टवके उडालेले दात मोजून पेनाने खूण करावी. खाचेच्या तळाशी केसासारखी भेग दिसली, तर ते ब्लेड पुन्हा कधीच चढवायचे नाही. त्यावर धार, वेल्डिंग, काही नाही. मोडून भंगारात द्यावे, म्हणजे दुसरे कोणी उचलून वापरणार नाही.

धार लावणाऱ्या दुकानाची पारखही याच भिंगाने करता येते. देताना दातांची रचना सांगावी: आलटून-पालटून तिरके दात, की एक सपाट आणि एक कोन उतरवलेला, जो सनमायका आणि एमडीएफसाठी असतो. चांगला कारागीर डायमंड व्हीलवर समोरचा चेहरा आणि माथा दोन्ही घासतो, कोन तोच ठेवतो आणि तुटलेली टिप त्याच मापाची बसवतो. परत आल्यावर सगळ्या दातांची घासणी एकसारखी मंद चमकीची दिसली पाहिजे. निळी-काळी छटा दिसली तर टिप तापली आहे, तिच्यात सूक्ष्म भेगा असू शकतात. फक्त माथा घासून दिला असेल तर धार चार दिवस टिकते. आणि ब्लेड मळलेले दिले तर राळेने डायमंड व्हील भरते, घासणी बिघडते. म्हणून धारेला देण्याआधीही धुवावेच. पॅनल सॉवाल्यांनी दर धारेनंतर व्यास मोजून पत्र्यावर लिहून ठेवावा. धुतल्यावर छाप पुसट झाला असेल तर मूळ मापे, आरपीएमसुद्धा, पुन्हा लिहावीत.

थर इतक्या लवकर बसतोच का, याचे कारण बऱ्याचदा दातांच्या संख्येत असते. सागाची जाड फळी लांबीत चिरायला 80 दातांचे ब्लेड लावले तर खाचा लहान पडतात, भुसा बाहेर पडत नाही, तिथेच तापून शिजतो. 10 इंचीला चिरण्यासाठी 24 दात, आडव्या कापाला 60, प्लाय-सनमायक्याला 80, हे धरून चालले तर धुण्याचे अंतर आपोआप वाढते. हळू ढकलण्यानेही थर वाढतो: दात कापण्याऐवजी घासत राहतो. 4 इंची हातकटरवर हे सर्वांत जास्त दिसते. मिनिटाला सुमारे 13,000 फेरे, लहान खाचा, आणि जाड फळीत एकाच घावात पूर्ण खोली.

चढवण्याआधी पत्र्यावर मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा. सिलिकॉनचा स्प्रे नको. तो लाकडावर उतरतो, आणि पुढे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पॉलिशवाला दिवसभर लाकडाला आणि मालाला दोष देत बसतो. मेण लावल्यावरही पहिला काप टाकाऊ तुकड्यात घ्यावा.

ठेवताना ब्लेड एकावर एक रचू नयेत. दाताला दात लागला की कार्बाइडवर कार्बाइड आपटते. लाकडी खुंटीवर, मध्ये पुठ्ठ्याची चकती घालून टांगावीत. कोकणात जून ते सप्टेंबर बंद राहणारे ब्लेड मशीन ऑइलचा हात देऊन मेणकागदात गुंडाळावे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. नवरात्रात पुन्हा काम सुरू करताना ते तेल एमटीओने पूर्ण पुसूनच ब्लेड यंत्रावर घ्यावे.